रक्त कुणाचं सांडलं ते बोला

'देअर विल बी ब्लड' हा पॉल थॉमस अँडरसनचा २००७ सालचा अमेरिकन सिनेमा. डॅनियल डे-लुईसला त्यासाठी ऑस्कर मिळालं. नट म्हणून माणूस मानलाच पाहिजे, पडदा खाऊन टाकतो. पण या सिनेमावर बोलणाऱ्यांचं रडगाणं एकच : तेलाचा धनी झाला, पण बिचारा किती एकटा पडला!

बिचारा? दोस्तांनो, जरा हिशोब मांडू.

१८९८. डॅनियल प्लेनव्ह्यू एकटाच खड्ड्यात उतरून चांदी खणतोय. पडतो, पाय मोडतो, तरी सरपटत बाहेर येतो. तोवर तो आपल्यासारखाच कष्टकरी. १९०२ साली तेल लागतं, मजूर हाताखाली येतात. विहिरीत वरून अवजार कोसळतं आणि तळातला मजूर जागीच खलास. सिनेमात तोवर जवळजवळ कुणी बोललेलंच नसतं. तोही न बोलताच मरतो. त्याचं तान्हं पोर प्लेनव्ह्यू उचलतो, एच. डब्ल्यू. म्हणून वाढवतो. मग जमिनी घ्यायला जाताना पोराला शेजारी उभं करून सांगतो, मी घरसंसारवाला माणूस आहे.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. वरून काय पडतं नि कुणाच्या टाळक्यात पडतं, हे मला कुणी शिकवायला नको. बापाचे हात वापरले, बाप मेल्यावर पोराचं तोंड वापरलं. याला एकाकीपणा म्हणत नाहीत, धंदा म्हणतात.

पुढं १९११, कॅलिफोर्नियातलं लिटल बोस्टन. लाव्यांच्या शिकारीचं सोंग आणून हा पठ्ठ्या गरीब संडे कुटुंबाची जमीन हुंगतो. वायूचा भडका उडून एच. डब्ल्यू. बहिरा होतो, आणि बाप जळत्या मनोऱ्याकडं बघत खूश, खाली तेलाचा समुद्र लागला म्हणून! गावात दुसरा दुकानदार एली संडे, धर्मोपदेशक. प्लेनव्ह्यूला पाइपलाइनसाठी वाट हवी, तर तो त्याच्या चर्चमध्ये गुडघे टेकून थोबाडीत खातो नि बाप्तिस्मा घेतो. देव इथं दलाल आहे. १९२७ ला एली पैशासाठी लोळण घेत येतो, तेव्हा प्लेनव्ह्यू त्याच्या तोंडून देव झूट आहे हे वदवून घेतो आणि बोलिंगच्या पिननं त्याचं डोकं फोडतो. त्याआधी मिल्कशेकचा दाखला देऊन सांगतो : माझी नळी लांब, तुझ्या पेल्यातलंही मीच प्यालो. हे वेड्याचं बडबडणं नव्हे. शेजारच्या जमिनीखालून वाहत आलेलं तेल ज्यानं उपसलं त्याचं, हा तिकडचा कायदाच होता!

आता माझं भांडण. हा सिनेमा अप्टन सिंक्लेअरच्या १९२७ च्या 'ऑइल!' कादंबरीवरून सैलसर घेतला. त्या कादंबरीत तेलकामगारांचा संप आहे. पॉल वॉटकिन्स नावाचा सुतार त्यांची संघटना बांधतो नि त्यापायी जिवानिशी जातो. अँडरसननं संप वगळला, संघटना वगळली. पॉल फक्त जमिनीची खबर विकून पाचशे डॉलर खिशात घालणारा पोरगा उरला. लढणारे गेले. राहिला एक राक्षस आणि त्याची हवेली. म्हणजे प्रेक्षकानं सुस्कारा टाकून घरी जावं : हाव वाईट हो!

पण खरा धनी एकटा नसतो. सिंक्लेअरच्या डोळ्यांपुढं एडवर्ड डोहेनी होता. त्यानं १९२१ साली अमेरिकेचे मंत्री अल्बर्ट फॉल यांच्याकडं एक लाख डॉलर रोख पोचवले, सरकारी तेलसाठ्यांचे पट्टे मिळवले. १९२९ साली लाच घेतली म्हणून फॉल दोषी ठरला. १९३० साली तीच लाच दिली म्हणून डोहेनीवर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला! घेणारा चोर, देणारा साव. शेवटचा खून चित्रित झाला तो ग्रेस्टोन वाडाही याच डोहेनीनं पोरासाठी बांधवलेला. मंत्री, कोर्ट, कायदा पाठीशी असलेल्याला एकाकी कोण म्हणेल?

सिनेमा जरूर बघा, असा सिनेमा रोज होत नाही. पण प्लेनव्ह्यूसाठी डोळे ओले करू नका. विहिरीच्या तळाशी पहिला मजूर मरतो तिथं थांबा, आणि शेजारी बसलेल्याला विचारा : याचं नाव काय रे?