झाकली मूठ, उघडा हिशेब

महाराष्ट्र बुद्धिमान आहे, कष्टाळू आहे, पण दानाच्या बाबतीत त्याचा हात आखडता आहे, अशी टीका पूर्वापार होत आली आहे. आम्हांस ती कधीच पटली नाही. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटून पुण्याचे नदीकाठचे भाग उद्ध्वस्त झाले. १९९३ च्या सप्टेंबरअखेरीस किल्लारीचा भूकंप झाला. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीस महापुराने वेढले. २०२० च्या टाळेबंदीत हजारो मजूर मुलाबाळांसह पायी गावाकडे निघाले. या प्रत्येक प्रसंगी सरकारी मदतीची वाट न पाहता शेजारच्या घरांतून भाकऱ्या बांधल्या गेल्या, हे कोणीही नाकारणार नाही. तेव्हा आपल्या समाजाच्या अंतःकरणात दया आहे की नाही, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. वादाचा प्रश्न निराळाच आहे. दोन संकटांच्या मधल्या काळात ही दया कोठे जाते, आणि ज्या कामासाठी ती दिली गेली त्या कामापर्यंत ती पोहोचते की नाही, याचा विचार आपण करतो काय?

आज देणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. मोबाइलच्या पडद्यावर एखाद्या आजारी बालकाचे छायाचित्र येते, खाली उपचाराच्या खर्चाचा लाखांतील आकडा येतो, आणि पाहणाऱ्याचे बोट हलून पाचशे रुपये क्षणात रवाना होतात. या मार्गाने अनेकांचे प्राण वाचले आहेत. त्यास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्याच्या घरी आर्जवाची चार वाक्ये लिहिणारा कोणी आहे, ज्यास आपले दुःख चव्हाट्यावर मांडणे जमते, त्याचीच हाक या मार्गाने ऐकू येते. जो मुकाट्याने सोसतो, त्याने काय करावे? शिवाय त्या बालकाचे पुढे काय झाले, रक्कम जास्त जमली असल्यास उरलेली कोठे गेली, हे विचारण्याचे भान देणाऱ्यास क्वचितच राहते. मग कधीतरी एखादे खोटे आवाहन उघडकीस येते, लोकांचे मन विटते, आणि त्याची शिक्षा भोगावी लागते ती पुढच्या खऱ्या रुग्णास.

दुसरा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. जून महिना उजाडला की गल्लोगल्ली वह्यावाटपाचे समारंभ सुरू होतात. व्यासपीठावर पाहुणे पंधरा, वह्या घेणारी मुले पंचवीस, आणि चौकात लावलेल्या फलकावर दात्याची छबी मुलांच्या चौपट मोठी! ज्या मुलाच्या हाती वह्या पडतात, त्याचे छायाचित्र त्याच्या वर्गातील सर्व मुले दुसऱ्या दिवशी पाहतात. त्या मुलाच्या मनाचे काय होत असेल, याची कल्पना ज्याने एक वर्षही शाळेत शिकविले असेल त्यास सहज येईल. फलकाचा खर्च किती आणि वह्यांचा किती, हे मात्र कोणी जाहीर करीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. आज मूठ उघडी करून मिरविली जाते, आणि झाकला जातो तो हिशेब!

आपली परंपरा याच्या नेमकी उलट आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. या मुलांनी खावे काय, हा रोजचा प्रश्न होता. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्यासाठी आपले दागिनेच नव्हे, तर मंगळसूत्रही मोडले. परंतु एका माउलीच्या दागिन्यांवर संस्था किती दिवस चालणार? ती चालली, वाढली, ती मूठ फंडाच्या जोरावर. खेड्यातील बाईने स्वयंपाकाला किंवा दळणाला बसताना मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकावे, आणि ते साठले की वसतिगृहास पाठवावे, एवढीच ती योजना. त्या मुठीवर नाव नव्हते. तिच्यासाठी समारंभ नव्हता. तथापि जिने ती मूठ बाजूस काढली तिला वसतिगृहातील मूल परके वाटेनासे झाले. आपल्या घासातील घास खाऊन वाढणारे ते आपलेच लेकरू झाले.

त्याच्याही आधीची गोष्ट पैसा फंडाची. अंताजी दामोदर काळे या ध्येयवेड्या गृहस्थाने प्रत्येकाने केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, ही कल्पना घेऊन महाराष्ट्र पालथा घातला. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. एका पैशाची किंमत ती काय! पण जेथे श्रीमंताच्या लाखाची वाट पाहत बसावे लागले असते, तेथे सामान्यांच्या पैशाने धूर निघू लागला. महर्षी कर्वे यांनी १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि त्याकरिता स्वतः हिंडून वर्गणी गोळा केली. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. आपण मात्र त्यांत मालक म्हणून राहिले नाहीत, विश्वस्तांच्या हाती सर्व सोपवून ते मोकळे झाले.

मोठ्या दानाची आम्ही अवहेलना करीत आहोत, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यातून उभे राहिले. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून. त्यांची नावे इमारतींवर आहेत, आणि ती तेथे शोभतात; कारण नावामागे पिढ्यान्‌पिढ्यांची रुग्णसेवा आहे. तसेच, जुने ते सर्व सोने होते असेही आम्हांस म्हणावयाचे नाही. माधुकरी मागून आणि वार लावून जेवून अनेक विद्यार्थी विद्वान झाले, हे खरे. पण वाराचे ते पान कोणत्या जातीच्या मुलासाठी मांडले जात असे आणि कोणाच्या मुलास उंबऱ्याबाहेर थांबावे लागत असे, हे विसरून त्या प्रथेचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. वारावर जेवणाऱ्या मुलासही कित्येक घरी शब्दांचे चटके सोसावे लागत. सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसवून मूठ फंडाने ही भिंत पाडली, म्हणूनच तो आम्हांस श्रेष्ठ वाटतो.

या सर्व यशस्वी उपक्रमांत तीन गोष्टी समान दिसतात. देणे लहान होते, म्हणून ते गरिबासही परवडे आणि घेणाऱ्यास कोणा एकाचे मिंधेपण येत नसे. देणे नियमित होते, म्हणून संस्थेस उद्याची चूल पेटेल याची शाश्वती असे. आणि देणे डोळ्यांसमोर होते. धान्य देणाऱ्यास वसतिगृहातील मुले दिसत, पैसा देणाऱ्यास कारखाना दिसे. हिशेब कागदावर येण्यापूर्वीच तो लोकांपुढे उभा असे.

आता कायद्याकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने, ज्या कंपनीची उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे ठरले. २०१४ च्या एप्रिलपासून ही तरतूद अमलात आहे, आणि तिच्यामुळे देशभरात वर्षास पंचवीस हजार कोटींहून अधिक रक्कम या कामी लागत आहे. ही रक्कम थोडी नव्हे. परंतु कंपनीने आपल्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे तोच कायदा सांगतो. साहजिकच जेथे कारखाने, तेथे निधी. आणि ज्या मेळघाटात कारखाना नाही, त्याने कोणाच्या परिसरात यावे? शिवाय कंपन्यांस मोठे प्रकल्प, मोठे अहवाल लागतात. एका गल्लीतील अभ्यासिका किंवा चार म्हाताऱ्यांचा जेवणाचा डबा त्यांच्या तक्त्यात बसत नाही. तेथे शेजाऱ्याची मूठच हवी.

हिशेबाविषयीची आमची तळमळ अनाठायी नाही, हे धर्मादाय रुग्णालयांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा या राज्यात लागू आहे. त्याच्या ४१कक या कलमानुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या आहेत. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. ही सवलत म्हणजे कोणाची कृपा नव्हे. धर्मादाय म्हणून त्या संस्थांना समाजाने ज्या सवलती दिल्या, त्यांची ती परतफेड आहे. असे असता २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका धर्मादाय रुग्णालयातील अनामत रकमेच्या मागणीवरून वादळ उठले, तेव्हा या खाटांची गोष्ट अनेक सुशिक्षितांनीही प्रथमच ऐकली! ज्या हक्काची माहिती नाही तो हक्क असून नसल्यासारखा. शेजारच्या आजारी माणसास पैसे देणे हे सत्कृत्य आहेच. पण त्याचा हात धरून त्यास रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे नेणे, कागदपत्रे जमवून देणे आणि राखीव खाट मिळेपर्यंत तेथून न हलणे, हे त्याहून मोठे सत्कृत्य होय. त्यास पैसा लागत नाही, दिवस लागतो.

आमच्या या प्रतिपादनावर एक आक्षेप घेतला जाईल. शिक्षण, आरोग्य, अन्न ही शासनाची कर्तव्ये आहेत. नागरिकांच्या दयाबुद्धीस आवाहन करून तुम्ही शासनास मोकळे सोडीत नाही काय? आक्षेप वजनदार आहे, आणि जो दानधर्म हक्काची जागा घेऊ पाहतो त्यास आमचाही विरोध आहे. परंतु अनुभव असा आहे की, जो नागरिक शेजारच्या शाळेस महिन्यास शंभर रुपये देतो, तोच त्या शाळेत शिक्षक का नाही हे विचारावयास जातो. जो काहीच देत नाही, तो बहुधा काहीच विचारीतही नाही. रयत शिक्षण संस्थेस मूठ देणाऱ्या खेड्यांनी शासनाची जबाबदारी कमी केली नाही. शिक्षण ही चैन नसून गरज आहे, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले, आणि मग शासनासही ते मान्य करावे लागले.

तेव्हा करावयाचे काय? आम्ही एक साधी सूचना करतो. या शहरात मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून हजारो मुले-मुली शिकावयास येतात. विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था १९५५ पासून अशांस आधार देत आल्या आहेत; पण सर्वांना पुरेल इतकी जागा कोणत्याही एका संस्थेजवळ नाही. गावाकडे पीक गेले की येथे पहिली काटकसर होते ती खाणावळीत. दोन वेळचे जेवण एका वेळेवर येते आणि घरी कळविले जात नाही. आपल्या एका इमारतीत चाळीस बिऱ्हाडे असतील आणि प्रत्येकाने महिन्यास शंभर रुपये बाजूस ठेवले, तर चार हजार रुपये होतात. एका विद्यार्थ्याच्या जेवणाची सोय त्यात होऊ शकेल. हे पैसे थेट खाणावळीस किंवा नोंदणी असलेल्या संस्थेस जावेत. दर तीन महिन्यांनी जमा आणि खर्च इमारतीच्या सूचनाफलकावर लागावा. मात्र त्या फलकावर विद्यार्थ्याचे नाव नसावे, आणि कोणी किती दिले याचीही यादी नसावी. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकास जमाखर्च वाचता यावा, आणि लाज वाटावी असे तेथे कोणासाठीही काही नसावे.

ही सूचना फार क्षुल्लक आहे, असे कोणास वाटेल. एक पैसाही क्षुल्लकच होता; मूठभर जोंधळेही क्षुल्लकच होते. आपत्तीच्या दिवशी आमचे नागरिक धावून जातात, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु कोठेही पूर आलेला नाही, कोणाचे छायाचित्र पडद्यावर झळकलेले नाही, अशा एखाद्या साध्या मंगळवारी एक मूल रात्रीचे न जेवता अभ्यासिकेत बसलेले असते. त्या मंगळवारची तरतूद जे शहर करील, त्यासच दानशूर म्हणवून घेण्याचा अधिकार आहे.