पहिला संशय पुरवठ्यावर

शाळेचे विज्ञानप्रदर्शन जवळ आले, की अनेक घरांतील जेवणाच्या टेबलावर ब्रेडबोर्ड, रंगीबेरंगी तारा आणि लहानमोठी मॉड्यूल यांची मांडामांड होते. गच्चीवरील टाकी भरताच भ्रमणध्वनीवर सूचना यावी, असा काहीसा प्रकल्प असतो. जोडणी पूर्ण होते, मॉड्यूलवरील दिवा लुकलुकतो. परंतु वाय-फायशी संपर्क साधण्याच्या ऐन क्षणी सारे बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रोग्राम दहा वेळा तपासला जातो. नवे मॉड्यूल मागवले जाते आणि तेही तसेच वागते. अखेर मूल कंटाळून म्हणते, ‘मला हे जमणारच नाही.’ वाया गेलेल्या पैशांपेक्षा हे वाक्य अधिक महाग असते. कारण अशा वेळी बहुधा प्रोग्रामही निर्दोष असतो आणि मॉड्यूलही. उणीव असते ती वीजपुरवठ्यात.

विद्यार्थ्यांच्या हाती नेहमी आढळणारे ईएसपी-०१ हे मॉड्यूल उदाहरणादाखल घेता येईल. त्यातील ईएसपी ८२६६ ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची. तिला ३.३ व्होल्ट दाब लागतो आणि ३.६ व्होल्ट ही तिची कमाल मर्यादा आहे. मात्र तिची विजेची गरज सदैव सारखी नसते. संदेश ऐकताना ती सुमारे ५० ते ६० मिलिअँपिअर प्रवाह घेते. संदेश पाठवताना हीच मागणी १७० मिलिअँपिअरपर्यंत जाते आणि काही क्षणी ३०० च्याही पुढे उसळते. म्हणूनच पुरवठा किमान ५०० मिलिअँपिअरचा असावा, अशी निर्मात्याची शिफारस आहे. याउलट अर्डुइनो उनो या बोर्डावरील ३.३ व्होल्टच्या पिनेची अधिकृत क्षमता अवघी ५० मिलिअँपिअर आहे. दाब तोच असल्याने विद्यार्थी निःशंकपणे मॉड्यूल तेथे जोडतो. तहान घागरभर आणि हाती फुलपात्र, अशी त्या मॉड्यूलची अवस्था होते. मागणी उसळताच दाब कोसळतो आणि चिप स्वतःला पुन्हा सुरू करते.

मग मल्टिमीटर ३.३ व्होल्ट कसे दाखवतो? तो खोटे बोलत नाही. तो सरासरी सांगतो. दाबाची ही घसरण सेकंदाच्या हजाराव्या भागातही येऊन जाऊ शकते. ती ऑसिलोस्कोपवर दिसते, परंतु ते उपकरण घरोघरी नसते. अशा वेळी लक्षणांवरून निदान करावे लागते. संगणकाच्या पडद्यावर मॉड्यूलचा आरंभीचा मजकूर पुन्हा पुन्हा उमटत असेल आणि बिघाड नेमका संदेश पाठवतानाच होत असेल, तर पहिला संशय पुरवठ्यावर घ्यावा.

दुसरी अडचण खुद्द ब्रेडबोर्डची. ईएसपी-०१ च्या चार-चार पिनांच्या दोन रांगा इतक्या जवळ असतात, की मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना त्या बसत नाहीत. थेट खोचल्यास समोरासमोरच्या पिना एकमेकींना जोडल्या जातात. साहजिकच लांब, बारीक तारा वापराव्या लागतात. तारा आणि सैल झालेल्या पकडी यांचा एकूण रोध अर्धा ओहम धरला, तरी ३०० मिलिअँपिअरला ०.१५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. शिवाय काही ब्रेडबोर्डांच्या कडेच्या वीजपट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात. लाल रेषेतील खंडाकडे लक्ष न गेल्यास अर्ध्या पट्टीत वीज पोहोचतच नाही.

उपाय क्रमाने करावेत. ५ व्होल्टच्या चांगल्या अडॅप्टरपासून एएमएस १११७-३.३ या रेग्युलेटरद्वारे स्वतंत्र ३.३ व्होल्ट घ्यावेत. त्याच्या पिनांचा क्रम परिचित ७८०५ पेक्षा वेगळा असतो. सवयीने जोडल्यास घात होतो. अर्डुइनो आणि मॉड्यूल यांचा ऋण टोकाचा संबंध एकच ठेवावा. तो नसेल तर संदेशांना आधारच उरत नाही. सीएच-पीडी ही पिन दहा किलोओहमच्या रोधातून ३.३ व्होल्टला जोडावी. अर्डुइनोकडून येणारा ५ व्होल्टचा संदेश एक आणि दोन किलोओहमच्या विभाजकातून खाली आणावा. तारा आखूड ठेवाव्यात आणि दाब नेहमी मॉड्यूलच्या पिनांवर मोजावा, अडॅप्टरपाशी नव्हे.

शेवटी मॉड्यूलच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा. इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावरील पट्टा ऋण बाजू दाखवतो. उलटा जोडल्यास तो फुटू शकतो, म्हणून येथे मोठ्यांचे लक्ष हवे. मात्र कपॅसिटर हा रांजण आहे, विहीर नव्हे. ३०० मिलिअँपिअरची मागणी असताना दाब ०.३ व्होल्टने उतरेपर्यंत ४७० मायक्रोफॅरडचा साठा जेमतेम अर्धा मिलिसेकंद पुरतो. मूळ पुरवठाच तोकडा असेल, तर रांजण भरणार कोठून?

अशा प्रसंगी पालकांना इलेक्ट्रॉनिक्स येत नसले तरी एक प्रश्न विचारता येतो : ‘याला किती हवे, आणि त्याला किती मिळते आहे?’ हा प्रश्न पडला, की मूल माहितीपत्रक उघडते, मोजते, एका वेळी एकच बदल करून पाहते. कचऱ्यात जाऊ घातलेले मॉड्यूल अनेकदा तेथूनच परत कामाला लागते, आणि ‘जमणारच नाही’ म्हणणारे मूलही.