प्रामाणिक खरेदीदाराला शिक्षा का?
१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा करावरील कर संपेल, असे आश्वासन होते. तिरुप्पूरचा छोटा होजिअरी उत्पादक सूत घेताना पुरवठादाराला कर देतो. पुरवठादाराने तो सरकारजमा केला नाही, तर कायद्याच्या १६व्या कलमामुळे उत्पादकाचे इनपुट टॅक्स क्रेडिट जाते आणि तोच कर त्याला पुन्हा सोसावा लागतो. बनावट बिलांना आळा बसायला हवा, हे मला मान्य आहे. परंतु वसुलीचे अधिकार सरकारकडे आहेत, खरेदीदाराकडे नाहीत. ज्याने खरोखर माल घेऊन बँकेमार्फत पैसे चुकते केले, त्याचे क्रेडिट अबाधित राखावे आणि वसुली कसूरदाराकडून करावी. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा कायदा करपालनाची वृत्ती रुजवू शकत नाही.