हाड खातंय कोण?

टूथपेस्टच्या जाहिरातींनी आपला एक समज पक्का करून टाकलाय. दातांत हिरवे, शिंगंवाले जंतू बसलेत, कुदळी घेऊन खोदकाम चाललंय, तेवढ्यात पेस्टचा फेस येतो आणि सगळे खल्लास! दात किडण्यापुरतं हे बऱ्यापैकी खरंय. हिरड्यांचं प्रकरण मात्र वेगळं. तिथे जंतू भांडण उकरून काढतात, आणि तोडफोडीतला मोठा वाटा घरच्याच मंडळींचा असतो.

माझी एक मैत्रीण आहे, वय २९, आयटीत. समोरच्या दोन दातांत अचानक फट दिसायला लागली. दुखणं शून्य. एक्स-रे काढला तर दातांभोवतीचं जबड्याचं हाड चांगलंच उतरलेलं. तिचा संताप वेगळाच होता. 'मी दोनदा ब्रश करते. नवरा रात्री ब्रशला हातही लावत नाही, त्याला काही नाही. मलाच का?'

प्रश्न रास्त आहे आणि जुनाही. हॅराल्ड लो या संशोधकाच्या टीमने १९७० मध्ये श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० तमिळ कामगारांचे दात तपासायला सुरुवात केली. ना ब्रश, ना डेंटिस्ट. प्रत्येकाच्या दातांवर भरपूर किटण, हिरड्या सुजलेल्या. पंधरा वर्षांनी हिशोब मांडला तेव्हा साधारण ८ टक्के लोकांची वाट लागली होती, ८१ टक्क्यांचं नुकसान मध्यम होतं आणि ११ टक्क्यांचं प्रकरण हिरड्यांच्या सुजेपुढे गेलंच नव्हतं. पस्तिशीपर्यंत पहिल्या गटातल्या दातांची पकड सरासरी ९ मिलीमीटरने सुटली होती, शेवटच्या गटात एकानेही नाही. (आपल्या कटिंगमागे असलीही माणसं असतात, हे वाचताना जरा टोचतंच.)

घाण सगळ्यांकडे, मग फरक कुठला? बराचसा शरीराच्या प्रतिक्रियेचा. दात आणि हिरडीच्या फटीत जंतूंचा थर साचला की पांढऱ्या पेशी धावून येतात. हे चांगलंच. पण थर हटत नाही आणि त्याही हटत नाहीत. भांडण लांबलं की टी आणि बी पेशी 'रँकल' नावाचं प्रथिन सोडायला लागतात, आणि हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी त्याच्याच हुकमावर तयार होतात. एरवी 'ऑस्टिओप्रोटेजेरिन' नावाचं दुसरं प्रथिन रँकलला मधल्या मध्ये पकडून ठेवतं. सूज मुरली की हे गणित बिघडतं. हाड झिजतं आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

कुणाची फौज थोडक्यात आटोपते, कुणाची कारणाशिवाय गोळीबार करत राहते. यात अनुवंशिकतेचा हात आहे, कंट्रोलमध्ये नसलेल्या डायबेटिसचा आहे आणि सिगारेटचाही. सिगारेट तर डबल गेम खेळते. हाड जास्त जातं, पण हिरड्यांतून रक्त कमी येतं. म्हणजे धोक्याची घंटाच बंद!

गंमत म्हणजे १९९८ मध्ये अमेरिकेत याच विचाराने एका औषधाला मंजुरी मिळाली. डॉक्सिसायक्लिन, पण डोस फक्त २० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. एवढ्याने जंतू मरत नाहीत. शरीराचीच पेशीजाल तोडणारी एन्झाइम्स थंड होतात. अर्थात सफाईच्या जोडीला, सफाईऐवजी नाही. केमिस्टकडे जाऊन स्वतःच सुरू करण्याची ही गोळी नव्हे.

कारण फौजेचा स्वभाव आपल्याला बदलता येत नाही, भांडणाचं कारण तेवढं काढता येतं. त्यामुळे ज्यांच्या आईवडिलांचे दात लवकर हललेत, त्यांनी 'मला तर दुखत नाही' यावर विसंबू नये. स्केलिंगला गेलात की हिरड्यांची खोली मोजून मागा. बारीक, खुणा केलेली सळई असते, पाच-दहा मिनिटांचं काम. ३ मिलीमीटरपर्यंत ठीक. ५-६ चे आकडे ऐकू यायला लागले तर एक्स-रे काढा आणि हिरड्यांच्या स्पेशालिस्टचा नंबर घेऊनच क्लिनिकमधून बाहेर पडा.