काटाजोड

दिवाळीत एका मित्राकडे फराळाला जमलो होतो. विषय गेमवर गेला आणि तिशीतले एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "ॲक्शन आरपीजी म्हणजे आखाडा आहे. उतरायचं तर माती खायची तयारी ठेवा. झेपत नसेल तर बाहेर बसून दुसऱ्याचा खेळ बघा." पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. सोपी वाट ठेवली की अवघड वाटेची किंमत जाते. निर्मात्याने कस ठरवला, त्यात आपण ढवळाढवळ करणारे कोण? सवलतींनी पोरांची चिकाटी संपते. आणि ‘एल्डन रिंग’मध्ये मदतीला आत्मे बोलावून बॉस मारला असेल, तर तो मारलाच नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी मित्राच्या बारा वर्षांच्या मुलाकडे बघून टाकलं. तीन लांडग्यांच्या आत्म्यांना सोबत घेऊन त्याने आदल्याच आठवड्यात मार्गिट नावाच्या बॉसला पाडलं होतं आणि आम्ही दारात पाऊल ठेवल्यापासून तो तेच सांगत होता. त्याचा चेहरा उतरला. मी तिथे गप्प बसलो, ते चुकलं. म्हणून हे लिहितो आहे.

आखाड्याचा दाखला त्यांनीच दिला, तर तिथूनच सुरुवात करू. माझं आजोळ कोल्हापूरकडचं. जत्रेतल्या कुस्त्या मी लहानपणी दरवर्षी पाहिल्या. फडात पहिली हलगी कडाडते ती लहान पोरांसाठी. रेवड्यांवरच्या कुस्त्या. सात-आठ वर्षांची पोरं लंगोट कसून उतरतात, अंगाला माती लावतात आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात. मग इनाम चढत जातं, दिवस कलतो, आणि ज्या एक नंबरच्या कुस्तीसाठी पंचक्रोशी लोटलेली असते ती सगळ्यात शेवटी लागते. माती तीच असते. मधल्या वेळात जाणती माणसं जोड लावत असतात. पोरगा कुठल्या तालमीतला, अंगापिंडाने कसा, मागच्या जत्रेत कुणाशी भिडला होता, हे सगळं बघून. त्यांना हवी असते काटाजोड. दोघांपैकी कोण पडेल हे शेवटपर्यंत सांगता येऊ नये, अशी. एकतर्फी कुस्ती लागली तर फडच ओरडतो, आणि ओरडतो तो जोड लावणाऱ्यांवर, पडलेल्या पोरावर नाही. रेवड्यांच्या कुस्त्या झाल्या म्हणून शेवटच्या कुस्तीचं मोल उतरलं, असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. पोरांना बाहेर बसवा, असं म्हणणाराही नाही. त्या गृहस्थांनी आखाड्याचं नाव घेतलं खरं, पण आखाडा पाहिलेला नाही.

आता गेमकडे येतो. आरपीजी या प्रकाराचा पायाच मुळी असा आहे, की खेळणाऱ्याने आपली जोड आपण लावावी. बॉस झेपला नाही तर मागे फिरा, चार गुहा धुंडाळा, लेव्हल वाढवा, तलवार घडवून आणा, वेगळी बिल्ड करून बघा, मग परत या. तुमचा अंगठा होता तेवढाच चपळ आहे, पण तुमचं पात्र आता जास्त घाव सोसतं. ही सवलत नाही तर काय आहे? निव्वळ हाताच्या चपळाईचा कस लावायचा असता, तर लेव्हल नावाची गोष्ट त्या गेममध्ये ठेवलीच नसती. ‘एल्डन रिंग’ आठवा. सुरुवातीच्या अंधारातून बाहेर उघड्यावर आलात की समोरच्या रस्त्यावर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो, ट्री सेंटिनल. त्याला भिडाल तर दोन घावांत आडवे व्हाल. पण त्याला वळसा घालून जायला रान मोकळं आहे. थोडं पुढे तुम्हालाही घोडा मिळतो, लेव्हल वाढवता येतात, आणि दहा तासांनी परत येऊन त्याच स्वाराला धूळ चारता येते. कधी भिडायचं ते खेळणारा ठरवतो. २०२२ साली आलेला हा गेम पहिल्या महिन्याभरातच एक कोटीच्या वर विकला गेला. त्याच निर्मात्याच्या आधीच्या गेमांना बिचकून असलेली माणसं त्यात रमली, ती या मोकळ्या रानामुळे, असं माझं मत आहे. ती मोकळीक बघून जुन्या खेळाडूंना अपमान वाटायचं कारण काय?

राहिले ते लांडगे. पहिल्याच पडक्या चर्चमध्ये रेना नावाची जादूगारीण भेटते आणि आत्म्यांना हाक मारायची घंटा तुमच्या हाती ठेवते. सोबत तीन लांडग्यांची राख देते. मार्गिटच्या दारावरच्या धुक्याबाहेर जमिनीवर सोनेरी खूण उमटलेली असते, ती चेपली की एक तलवारबहाद्दर जादूगार तुमच्या बाजूने लढायला येतो. हे सगळं कुणी चोरवाटेने आणलेलं नाही. निर्मात्याने पहिल्या तासा-दोन तासांत हातात दिलेलं आहे. निर्मात्याचा शब्द प्रमाण मानायचा तर तो पुरता माना. या गेमचे निर्माते हिदेताका मियाझाकी यांनी एक आठवण सांगितलेली आहे. बर्फ पडलेल्या चढावर गाड्या अडकल्या, मागची गाडी पुढच्या गाडीला ढकलत गेली आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या आधाराने चढ पार करून गेली. त्यांच्या २००९ च्या ‘डीमन्स सोल्स’मधली परक्या खेळाडूला मदतीला बोलावण्याची रीत त्यातून सुचली. ज्याच्या गेमची प्रेरणा ढकलून दिलेली गाडी आहे, त्याचं नाव घेऊन एका पोराला ‘तू मदत का घेतलीस’ असं विचारायचं!

हा वाद नवा नाही, म्हणून जास्त चीड येते. ‘डायब्लो टू’ आम्ही भारनियमनाच्या काळात खेळलो, यूपीएसचा भोंगा वाजेपर्यंत. त्यात हार्डकोअर नावाचा प्रकार होता. पात्र एकदा मेलं की कायमचं गेलं. आमच्या टोळक्यातले दोघं फक्त तेच खेळायचे आणि बाकीच्यांना कच्चं लिंबू म्हणायचे. पण गेम बनवणाऱ्यांनी दोन्ही वाटा एकाच डब्यात दिल्या होत्या, आणि हार्डकोअरचं दार उघडायला आधी साध्या वाटेने गेम एकदा पुरा करावा लागायचा. आमच्या साध्या खेळामुळे त्या दोघांच्या पात्रांचं मरण जरासुद्धा हलकं झालं नाही. मग नकाशा असावा का यावर वाद झाला, जादूगार घेऊन खेळणं म्हणजे लबाडी का यावर झाला. दर वेळी ज्याला जे आधी जमलं होतं, तेच खरं ठरत होतं.

त्या गृहस्थांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो: काही गेममध्ये निर्मात्याने ठरवलेल्या कसात ढवळाढवळ करता येत नाही. २०१९ चा ‘सेकिरो’ वेगळा आहे. तिथे ताकदीची लेव्हल नाही, सोबती नाहीत, चिलखत बदलणं नाही. शत्रूचा वार नेमक्या क्षणी तलवारीवर घेण्याचा ताल हाच तो गेम आहे आणि तो ताल सैल केला तर फारसं काही उरत नाही. पण म्हणूनच ‘सेकिरो’ आरपीजीच्या काठावर उभा आहे, मध्यभागी नाही. आणि गंमत बघा, इतक्या कठोर गेममध्ये पॉज आहे. ‘एल्डन रिंग’मध्ये ऑफलाइन खेळतानाही साधं पॉजचं बटण नाही. शेजारच्या खोलीतून आईने हाक मारली, तर उठावं की मार्गिटला तोंड द्यावं, या प्रश्नाचा कसाशी काय संबंध?

पोरांच्या चिकाटीबद्दल एवढंच, की बॉस पाडेपर्यंत त्या मुलाने सत्तावीस वेळा मरण पत्करलं होतं. ‘दुसऱ्याचा खेळ बघा’ याला उत्तर द्यायची गरज नाही.

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द, कारण प्रत्येक गेमला सोपं-अवघड करायची एक सरकपट्टी लावा आणि मोकळे व्हा, असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. ‘स्कायरिम’ची सगळ्यात अवघड पातळी काय करते? तुमचा घाव पाव करते आणि शत्रूचा तिप्पट. शत्रू शहाणा होत नाही, फक्त मरायला वेळ लावतो. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ने उलटं केलं, सगळं जगच तुमच्या लेव्हलबरोबर वाढवलं. शेवटी शेवटी वाटमारे दरोडेखोर राजेरजवाड्यांना परवडणार नाही असं काचेचं चिलखत घालून तुमच्याकडे शंभर मोहरा मागायला लागले. जोड यंत्राने लावली की असं होतं. आणि ‘विचर थ्री’ सगळ्यात सोप्या पातळीवर खेळलात, तर तलवारीला लावायची तेलं आणि काढे उकळण्याचं जे शास्त्र त्यात इतक्या मेहनतीने रचलेलं आहे, त्याला हात लावायची पाळीच येत नाही. सोपं झालं, आणि अर्धा गेम न बघताच संपला.

मग हवं काय? हाताची अडचण आणि डोक्याचा कस, या दोन गोष्टी वेगळ्या काढा. बटणं हवी तशी लावता येणं, अक्षरं मोठी करता येणं, बटण सारखं बडवण्याऐवजी दाबून धरता येणं, पॉज. हे सगळं प्रत्येक गेममध्ये बिनशर्त असावं. त्यात कुणाच्याही कलेला धक्का लागत नाही. कस सैल करायचा असेल तर तो गेमच्या जगातूनच करा, घंटेसारखा, घोड्यासारखा. ‘नीअर ऑटोमाटा’मध्ये नायिका यंत्रमानव आहे आणि सोप्या पातळीवर आपोआप चुकवण्याच्या, आपोआप वार करण्याच्या चिपा तिच्याच अंगात बसवता येतात. नको असेल ती काढून ठेवायची. आणि ‘हेडीझ’चा गॉड मोड मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. सुरू केलात की घाव २० टक्क्यांनी कमी लागतात आणि प्रत्येक मरणाला ही सूट २ टक्क्यांनी वाढते, ८० टक्क्यांपर्यंत. शत्रू बदलत नाहीत. कथेतलं एक वाक्यही कमी होत नाही. जो जितका पडला, तितकी त्याची जोड जवळ आणली जाते.

माझ्या मामेभावाला तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजव्या हाताची बोटं वळतात, पण सावकाश. त्याने सगळी महत्त्वाची बटणं डाव्या हाताखाली घेतली आणि पहिल्या दिवसापासून गॉड मोड लावून ‘हेडीझ’ खेळायला बसला. शेवटच्या लढतीत पहिल्यांदा जिंकला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. त्याने लगेच मला फोन केला. आकडा विचारला तर म्हणाला, "चौऱ्याहत्तर टक्के." मी मनात हिशेब केला. सत्तावीस मरणं. फोन ठेवण्याआधी तो म्हणाला की उद्या तो मोड बंद करून बघणार आहे.