हातचा एक की हातचे दहा?

सुशिक्षित घरांतून दिवेलागणीच्या सुमारास एक मंत्र नित्य ऐकू येतो: ‘सात नि आठ पंधरा, पंधरातले पाच लिही, हातचा एक.’ मूल इंग्रजी शाळेत जात असल्यास ‘कॅरी वन’. मूल पाच लिहिते, शेजारच्या घरावर एक मांडते, आणि उत्तर बरोबर येताच आईबाप कृतार्थ होतात. आमच्या मते या मंत्राइतके फसवे वचन आपण मुलांस क्वचितच शिकवीत असू. तो हातचा एक नव्हेच. ते दहा होत. एक म्हणावयाचे असेल, तर एक दशक म्हणावे.

४७ आणि ३८ यांची बेरीज करावयास सांगितली असता कोणी ७५ लिहितो, कोणी ७१५. या दुसऱ्या उत्तरास आपण हसतो. वस्तुतः सात दशक आणि पंधरा एकक ही त्या मुलाची गणना यथार्थ असते. एककाच्या घरात नवापलीकडे काही मावत नाही, एवढेच त्यास कोणी दाखविलेले नसते. त्या उत्तरावर तांबडी फुली मारणारा शिक्षक चूक दाखवितो, कारण दाखवीत नाही.

त्यात आपली अंकनावे. ‘सत्तेचाळीस’ या शब्दात सात आधी ऐकू येतात, लिहावयाचे मात्र चार आधी. आणि ‘एकोणपन्नास’ लिहिताना ज्या चाळिसापासून आरंभ करावयाचा, त्याचा शब्दात मागमूसही नाही. कानडी, तेलुगू या शेजारच्या भाषांत दशक आधी उच्चारतात. हे ध्यानी घेऊन २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘चाळीस सात’ अशा धर्तीची नावे आली. विषय-समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. जुनी नावे पुसलेली नव्हती. तरीही भाषा बुडाली असा कोलाहल उठला आणि विधिमंडळातही थट्टा झाली. ‘आम्ही नाही का शिकलो?’ असे पुष्कळांनी विचारले. जे शिकले तेच हा प्रश्न विचारावयास उरतात. गणितास भिऊन ज्यांनी शाळा सोडली, त्यांचा आवाज मासिकांपर्यंत पोचत नाही.

तथापि केवळ नाव पालटल्याने काम भागेल, असे आम्ही मानीत नाही. ‘चाळीस सात’ म्हणणारे मूलही ‘हातचा एक’ घोकू शकेल. जुनी नावे आम्हांसही प्रिय आहेत. दोन्ही मुलाच्या कानी पडोत. पण दशक त्याच्या हाती पडले पाहिजे.

त्यास महागड्या साधनांची गरज नाही. बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरील मोताळ्याचाच बाजार घ्या. भाजी विकणाऱ्या बाईच्या एका डब्यात सत्तेचाळीस रुपये आहेत, म्हणजे दहाच्या चार नोटा नि सात नाणी. दुसऱ्यात अडतीस, म्हणजे तीन नोटा नि आठ नाणी. एकत्र करता नाणी पंधरा झाली. त्यांतली दहा देऊन ती शेजाऱ्याकडून एक बंदी नोट घेते. आता आठ नोटा, पाच नाणी: पंच्याऐंशी. हाच तो हातचा, आणि हातात आल्यामुळे तो खरा हातचा! वजाबाकीतला ‘उसना’ही असाच उलगडतो: तेथे कोणी कोणाकडून उसने घेत नाही, आपलीच नोट मोडून सुटे करावयाचे असते. ‘बंदा’, ‘सुटे’, ‘मोड’ हे शब्द ज्या भाषेत रोजच्या वापरात आहेत, तिच्यातील मुलांस दशकाची फोड परकी वाटावी, हा दोष मुलांचा नव्हे.

म्हणून पालकांस आमचे सांगणे स्पष्ट आहे. काड्यांच्या मोळ्या बांधा, नोटा मोडा, सुट्यांची बंदी करा. मूल स्वतः ‘दहा झाले, आता मोळी बांधू’ म्हणेपर्यंत पाटीवर उभी मांडणी येऊ देऊ नका. चार दिवस उशीर होईल, होऊ द्या. शेजारचे मूल पुढे गेले या धास्तीने शिकविलेली युक्ती शंभरांच्या घरापाशी पुन्हा अडते. तेथेही दहा दशकांचे एक शतकच बांधावयाचे असते. पण ज्याने पहिली मोळी बांधलीच नाही, त्यास दुसरी कशी बांधता यावी?