खरखर कुणाची?

"एएम रेडिओ आता संपला" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की चीड येते. म्हणणारे बहुतेक आमचेच भाचे-पुतणे. (वाचत असाल तर हे तुमच्यासाठीच आहे!) पुरावा काय, तर सेट लावला की नुसती खरखर. म्हणून तंत्र जुनं झालं, ट्रान्समीटर बंद करा, ॲप घ्या.

मला एवढंच विचारायचंय, की ही खरखर येते कुठून?

साध्या रेडिओला हे सांगता येत नाही, कारण तो एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी ऐकवतो. ७९२ म्हणजे पुणे, ५५८ म्हणजे मुंबई 'ब', हे आकडे आमच्या पिढीला पाढ्यांसारखे पाठ होते. पण ७९२ वर खरखर आली तर दोष केंद्राचा, हवेचा की आपल्या घराचा, हे त्या काट्यावरून कसं कळणार?

इथे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे एसडीआर, कामाला येतो. डिजिटल टीव्हीसाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधून कच्चा सिग्नल थेट संगणकात घेता येतो, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींना उमगलं. असा डोंगल एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा उचलतो. आपल्याकडचा मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, दर ९ किलोहर्ट्झला एक जागा, म्हणजे एकूण १२० जागा. त्या सगळ्या एकाच खिडकीत मावतात, वर जागा उरते. (प्रत्येक डोंगलला इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर उतरता येत नाही, घेताना बघून घ्या.) तासभराचा अख्खा पट्टा साठवून नंतर त्यातलं हवं ते केंद्र निवांत ऐकताही येतं. पूर्ण रुंदीचा साठवलात तर तासाला १७ जीबी मात्र मोजावे लागतात!

पडद्यावर केंद्र दिसतं ते बारीक सरळ रेघेसारखं, दोन्ही अंगांना आवाजाची सारखीच पिसं. खरखर तशी नसते. तिचे जाड, पुसट पट्टे ठरावीक अंतरावर पुन्हापुन्हा उमटतात आणि हळूहळू सरकतात. आकाशवाणीचं केंद्र असं जागा सोडून फिरत नाही.

घरचा मेन स्विच बंद केला, लॅपटॉप बॅटरीवर चालवला. निम्मे पट्टे गेले आणि त्यांच्याखाली दडलेल्या रेघा दिसू लागल्या. मग एकेक बटण चालू करत गेलो. स्वयंपाकघरातला एलईडी, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर.. प्रत्येकाचा पट्टा वेगळा. उरलेले निम्मे शेजारपाजारचे.

कारण साधं आहे. या वस्तूंमधलं वीज बदलणारं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. त्याचा कचरा तारांतून हवेत जातो. तो अडवायला फिल्टर लागतो, आणि फिल्टर गाळला की बनवणाऱ्याचे चार पैसे वाचतात. एलईडीशी माझं भांडण नाही, वीज वाचते ती हवीच आहे. भांडण आहे ते त्या वाचवलेल्या चार पैशांशी.

आणि शिक्षा कुणाला? रेडिओला! अमेरिकेत विजेवरच्या गाड्यांची यंत्रणा एएममध्ये खरखर करते, म्हणून काही कंपन्यांनी गाडीतून एएमच काढून टाकला. फोर्डनेही तो काढायचं ठरवलं होतं, पण संकटकाळच्या सूचनांचा मुद्दा पुढे आल्यावर मे २०२३ मध्ये निर्णय फिरवला. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय?

ॲपवर आवाज स्वच्छ येतो, हे मला मान्य आहे. पण ॲपला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा वीजही गेली आणि मोबाइलही मुके झाले. एफएम डोंगराआड अडतं. मध्यम लहरी जमिनीला धरून डोंगरापलीकडे जातात, रात्री तर शेकडो किलोमीटर. गंमत अशी, की वीज गेली की वस्तीतली खरखरही थांबते. म्हणजे सेलवरचा ट्रान्झिस्टर नेमका गरजेच्या वेळी सर्वात स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा पलीकडे केंद्र मात्र चालू हवं!

म्हणून माझं म्हणणं दोनच ओळींचं. फिल्टर नसलेला बल्ब आणि चार्जर बाजारात येऊच देऊ नये. आणि कुठलाही ट्रान्समीटर "ऐकू येत नाही" म्हणून बंद करण्याआधी अख्खा पट्टा उघडून बघावा, की आवाज त्याचा कमी झालाय की आपला वाढलाय.

असो. एसडीआर नसला तरी चालेल. पुढच्या वेळी वीज गेली की जुना ट्रान्झिस्टर काढा, सेल घाला आणि काटा फिरवा. काय काय लागलं ते इथे लिहा, वाट बघतो.